गमभन, गिरवणे आणि मेंदूविज्ञान : पहिलीच्या वर्गातील एका प्रश्नाची चिकित्सा

गेल्या दोन दशकांत मराठीतील शिक्षणविषयक लेखनात 'मेंदू' ह्या शब्दाची वर्दळ फार वाढली आहे. शिक्षकांच्या उद्बोधन-वर्गांत, पालकसभांत आणि परीक्षणासाठी हाती येणाऱ्या एम्. एड्. च्या प्रबंधांच्या शीर्षकांत हा शब्द आता नित्याचा झाला आहे. ठाण्यापासून डोंबिवली-कल्याणपर्यंत स्थानकाबाहेर पडून बाजाराच्या रस्त्याने थोडे चालले, तर बोटांच्या ठशांवरून मुलाच्या मेंदूचा कल सांगण्याची हमी देणारी एखादी जाहिरातही दृष्टीस पडते. ह्या शेवटच्या प्रकाराचा येथे परामर्श घ्यावयाचा नाही; तो शिक्षणशास्त्राचा विषय नसून ग्राहकसंरक्षणाचा आहे. परंतु वर्गाध्यापनाला मेंदूविज्ञानाचा पाया देऊ पाहणारे जे लेखन सद्हेतूने आणि काही अभ्यासपूर्वक होत आहे, त्याची चिकित्सा मात्र झाली पाहिजे. ही चिकित्सा सर्वसाधारण विधानांच्या पातळीवर करीत बसल्यास हाती काही लागत नाही, असा अनुभव असल्यामुळे प्रस्तुत लेखात एकच प्रश्न घेतला आहे : पहिलीच्या वर्गात मराठी वाचनाचा आरंभ करून देणाऱ्या शिक्षकास मेंदूविषयक संशोधनाचा नेमका कोणता उपयोग होतो?

हा प्रश्न निवडण्याचे कारण असे की, शालेय विषयांपैकी मेंदूविज्ञानाने सर्वांत अधिक अभ्यास वाचनाचाच केला आहे. मेंदूच्या डाव्या अर्धगोलाच्या मागील-खालील भागात अक्षरपंक्ती ओळखण्याच्या कामी विशेषत्वाने प्रवृत्त होणारा एक लहानसा प्रदेश साक्षरांमध्ये आढळतो, हे स्टानिस्लास देआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनामुळे आता सर्वपरिचित झाले आहे. लिपी ही मानवी इतिहासातील अगदी अलीकडची वस्तू आहे. तेव्हा निसर्गाने वाचनासाठी म्हणून मेंदूत जागा राखून ठेवली असणे संभवत नाही. चेहरे व वस्तू ओळखणारी जुनी यंत्रणाच वाचनाच्या कामी लावली जाते, असा देआन यांचा सिद्धान्त आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, ह्या सिद्धान्ताच्या काही कसोट्या देवनागरीवर झालेल्या आहेत. लखनौनजीकच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना, ज्यांत बहुसंख्य तिशीतल्या स्त्रिया होत्या, सहा महिने हिंदी वाचन शिकवून त्यांच्या मेंदूची चित्रे आधी व नंतर घेण्यात आली. मायकेल स्काइड, फाल्क ह्यूटिग प्रभृतींनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ह्या अभ्यासात दृष्टिकेंद्र आणि मेंदूच्या खोल भागांतील जुनी केंद्रे ह्यांच्यामधील संवादात फरक पडल्याचे दिसून आले. त्याच प्रदेशातील लोकांवर झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात असे आढळले की, अक्षरे वाचावयास शिकल्याने चेहरे ओळखण्याची शक्ती हिरावली जात नाही. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग ह्यांच्या गटाने देवनागरीच्या मांडणीचाच विचार केला आहे. आपली स्वरचिन्हे व्यंजनाच्या वर, खाली, उजवीकडे आणि डावीकडेही लागतात. अशा शब्दांच्या वाचनात दृश्य-अवकाशीय प्रक्रियेशी निगडित भागांचा सहभाग वाढतो, असे त्यांचे निरीक्षण आहे.

हे सर्व संशोधन मोलाचे आहे, यात संदेह नाही. परंतु उद्या सकाळी वर्गात कोणते अक्षर प्रथम घ्यावे, ते फळ्यावर लिहावे की पाटीवर गिरवून घ्यावे, किती दिवसांनी पुन्हा विचारावे, ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. जॉन ब्रूअर ह्यांनी १९९७ मध्येच ही गोष्ट निक्षून सांगितली होती. मेंदूविज्ञान आणि बोधनिक मानसशास्त्र ह्यांच्यामध्ये एक पूल आहे, बोधनिक मानसशास्त्र आणि अध्यापन ह्यांच्यामध्ये दुसरा; परंतु पहिल्या तीरावरून थेट तिसऱ्या तीरावर नेणारा पूल अद्याप कोणी बांधलेला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे २०१६ मध्ये जेफ्री बॉवर्स ह्यांनी याहून कठोर भूमिका घेतली. अध्यापनाची पद्धती परिणामकारक आहे की नाही हे मुलाच्या वाचनावरूनच ठरावयाचे असेल, तर मेंदूचे चित्र घेऊन त्यात भर ती कोणती पडते, असा त्यांचा सवाल आहे. त्यावर झालेल्या प्रत्युत्तरांत एक मुद्दा ग्राह्य वाटतो : एखादी पद्धती का लागू पडते, हे समजल्यास ती कोठे लागू पडणार नाही याचा अंदाज बांधता येतो, आणि हे 'का' शोधण्याच्या कामी मेंदूविज्ञान साहाय्य करू शकते. प्रस्तुत लेखकाचा कल बॉवर्स ह्यांच्याकडे असला तरी हा मुद्दा त्याला सोडवत नाही. म्हणूनच पुढील विवेचनात गिरवण्याचे उदाहरण थोडे विस्ताराने घेतले आहे.

तत्पूर्वी आपल्याकडील परिस्थिती नीट पाहू. मराठी अक्षरे शिकवण्याचे तीन क्रम आपल्या परंपरेत व व्यवहारात आढळतात. पहिला वर्णमालेचा. क, ख, ग, घ, ङ हा क्रम उच्चारस्थान व प्रयत्न ह्यांवर आधारलेला असून व्याकरणदृष्ट्या त्याला तोड नाही. परंतु त्याचा हाच गुण सहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने अडचणीचा ठरतो, कारण ज्या ध्वनींत अगदी थोडा भेद आहे तेच त्यात शेजारी-शेजारी येतात. सारख्या गोष्टी एकाच वेळी शिकल्यास त्या परस्परांत मिसळतात, ही मानसशास्त्रातील फार जुनी जाण आहे. दुसरा क्रम गमभनचा. आज ह्या शब्दाचा अर्थ 'कोणत्याही विद्येचा श्रीगणेशा' एवढाच उरला आहे. तथापि ग, म, भ, न ही चार अक्षरे पाटीवर काढून पाहिली म्हणजे त्यामागील हेतू उघड होतो. चारही अक्षरांना उजवीकडे उभा दंड आहे आणि डावीकडील वळणे एकमेकांशी नाते सांगणारी आहेत. हा क्रम हाताच्या सोयीचा आहे. तिसरा क्रम अलीकडे रूढ झालेल्या अक्षरगटांचा. क, न, म ही तीन अक्षरे आणि एक काना एवढ्या भांडवलावर कान, नाक, मान, काम, मका, काका, मामा, नाना इतके शब्द मुलाला पहिल्या काही आठवड्यांतच वाचता येतात. येथे शब्दाला, म्हणजे पर्यायाने अर्थाला, अग्रमान दिला आहे.

कान, हात आणि अर्थ. तीन क्रमांमागे मनाविषयीच्या तीन वेगवेगळ्या कल्पना आहेत. त्यांतली कोणती बरोबर, हे मेंदूच्या चित्रावरून ठरावयाचे नाही. शिवाय तिन्ही अंशतः बरोबर असण्याचा संभव आहे. आरंभी दूर ठेवलेली घ आणि ध, भ आणि म ही दिसण्यात जवळची अक्षरे पुढे केव्हातरी शेजारी आणून त्यांतला भेद दाखवावाच लागतो. निरनिराळ्या चित्रकारांची चित्रे गटागटाने न दाखवता आलटून-पालटून दाखवल्यास प्रत्येकाची शैली अधिक चांगली ओळखता येते, हे नेट कॉर्नेल आणि रॉबर्ट बियॉर्क ह्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले आहे. ते प्रयोग प्रौढ विद्यार्थ्यांवर झाले. पहिलीतल्या मुलाला घ आणि ध आलटून-पालटून केव्हा द्यावेत, पहिल्या महिन्यात की दिवाळीनंतर, हे कोणीतरी आपल्याच वर्गात करून पाहिले पाहिजे.

आता गिरवण्याचा प्रश्न. मराठी शाळेत अक्षर शिकणे म्हणजे ते गिरवणे, हे समीकरण इतके दृढ आहे की 'कित्ता गिरवणे' हा वाक्प्रचारच भाषेत रुजला आहे. शिक्षक पाटीवर ठळक अक्षर काढून देतात, मूल त्यावरून पेन्सिल फिरवते, पुन्हा फिरवते, रेघ जाड होत जाते. पाठ-निरीक्षणाच्या निमित्ताने कल्याण-डोंबिवलीकडील वर्गांत मागच्या बाकावर बसून हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. आता पाटीच्या जागी ठिपक्यांच्या अक्षरांची छापील पुस्तिका आली आहे, एवढाच फरक.

कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट ह्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अद्याप वाचता न येणाऱ्या पाच वर्षे वयाच्या मोजक्या मुलांना काही अक्षरे हाताने स्वतंत्रपणे काढावयास, काही कळफलकावर दाबावयास आणि काही गिरवावयास दिली. नंतर ती अक्षरे दाखवून मेंदूची चित्रे घेतली. वाचनाशी संबंधित भाग जसा स्वतंत्रपणे काढलेल्या अक्षरांच्या वेळी प्रवृत्त झाला, तसा कळफलकावर दाबलेल्या किंवा गिरवलेल्या अक्षरांच्या वेळी झाला नाही. ह्या अभ्यासाचा उल्लेख 'हस्तलेखनाने मेंदू विकसित होतो' अशा ढोबळ रूपात आपल्याकडील व्याख्यानांतून वारंवार येतो. गंमत अशी की तो गिरवण्याच्या समर्थनार्थही पुढे केला जातो! मूळ अभ्यासाचा निष्कर्ष गिरवण्याच्या विरुद्ध जाणारा आहे, हे निबंध वाचल्याखेरीज कळत नाही. आणि तो वाचण्याची तसदी व्याख्याते घेत नाहीत.

तथापि येथेच थांबून 'गिरवणे बंद करा' असा आदेश काढणे हेही तितकेच अशास्त्रीय होईल. मेंदूचा एखादा भाग प्रवृत्त झाला याचा अर्थ मुलाला अक्षर अधिक चांगले ओळखता येऊ लागले, असा होत नाही. ते स्वतंत्रपणे मोजावे लागते. जेम्स ह्यांनी पुढे ज्यूलिया ली ह्यांच्यासमवेत नेमके तेच केले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासात पाच वर्षांच्या मुलांना अनोळखी ग्रीक अक्षरे अनेक प्रकारांनी शिकवण्यात आली. काहींनी ती पाहून स्वतः काढली. काहींनी एकाच छापील वळणाची अक्षरे गिरवली. काहींनी निरनिराळ्या हस्ताक्षरांतील अक्षरे गिरवली. काहींनी हात न लावता नुसती पाहिली, कोणी एकाच वळणात तर कोणी अनेक वळणांत. ह्यावेळी मेंदूचे चित्र घेतले नाही; मुलांना अक्षरे ओळखता येतात की नाही एवढेच पाहिले. निष्पन्न असे झाले की, ज्यांच्यापुढे एकाच अक्षराची अनेक वेडीवाकडी रूपे आली त्या सर्वांना अक्षर अधिक चांगले ओळखता आले, मग ते त्यांनी काढलेले असो, गिरवलेले असो वा नुसते पाहिलेले असो. म्हणजे स्वतंत्र लेखनाचा लाभ निदान ह्या कामापुरता हाताच्या हालचालीत नसून त्या हालचालीतून उमटणाऱ्या रूपांच्या विविधतेत होता.

ह्या दोन अभ्यासांचा परस्परसंबंध आपल्या विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावा, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते. मेंदूच्या चित्राने एक प्रश्न उपस्थित केला. त्याचे उत्तर साध्या वर्तनप्रयोगाने दिले. आणि ते उत्तर शिक्षकाला थेट वापरता येण्याजोगे आहे. गिरवणे निरुपयोगी नाही. एकच छापील वळण महिनोन्‌महिने गिरवणे निरुपयोगी असण्याचा संभव आहे. शिक्षकाने स्वतःच्या हाताने काढलेले, शेजारच्या मुलाने काढलेले, दुकानाच्या पाटीवरचे, एस्. टी. च्या फलकावरचे 'क' मुलाला दिसले पाहिजे. ह्या दृष्टीने जुन्या धूळपाटीचा विचार करण्याजोगा आहे. धूळपाटीवर अक्षर काढावे, हात फिरवून पुसावे आणि पुन्हा काढावे, असा रिवाज होता. प्रत्येक वेळी ते निराळे उमटणार, हे ओघानेच आले. आमच्या पूर्वजांना मेंदूविज्ञान ठाऊक होते असा निष्कर्ष कोणी यातून काढू नये. त्यांच्यापाशी कागद नव्हता, एवढेच त्याचे कारण.

परंतु अक्षर ओळखता येणे म्हणजे वाचता येणे नव्हे, आणि आपल्या लिपीतील खरी अडचण येथून पुढे सुरू होते. इंग्रजीवर आधारलेले संशोधन ह्या टप्प्यावर आपल्याला फारसे उपयोगी पडत नाही. इंग्रजी मुलाला २६ अक्षरे शिकावी लागतात. मग त्यांच्या उच्चारांची अराजकता त्याला आयुष्यभर पुरते. मराठी मुलाची गोष्ट उलट आहे. उच्चार बरेचसे नियमबद्ध, पण रूपांची संख्या मोठी. ३४ व्यंजने आणि बाराखडीची बारा रूपे एवढाच हिशेब धरला तरी ४०८ रूपे होतात. २००९ च्या शासननिर्णयाने ॲ आणि ऑ ह्यांना वर्णमालेत स्थान दिल्यापासून बाराखडीची चौदाखडी झाली आहे. जोडाक्षरे ती वेगळीच, आणि एकट्या 'र'ची रूपे पाहावयाची तर सूर्य, प्रकाश, राष्ट्र, सुऱ्या एवढी उदाहरणे पुरेत. सोनाली नाग ह्यांनी कन्नड मुलांवर केलेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की, अशा लिपीतील अक्षरज्ञान पहिल्या-दुसऱ्या इयत्तेत पूर्ण होत नाही; ते चौथीपर्यंत चालू राहते. पहिलीच्या अखेरीस सर्व बाराखडी 'झाली पाहिजे' असे ज्या शाळा धरून चालतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. ऱ्हस्व इकाराची अडचण तर प्रसिद्धच आहे. तो व्यंजनाच्या आधी लिहिला जातो आणि नंतर उच्चारला जातो. हिंदी वाचणाऱ्यांना असे शब्द उच्चारावयास अधिक वेळ लागतो, हे ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता ह्यांनी २००२ मध्ये दाखवले आहे.

याशिवाय मराठीची म्हणून जी वैशिष्ट्ये आहेत, त्यांच्याकडे संशोधकांचे लक्ष अद्याप पुरेसे गेलेले नाही. मुलाला 'ब', 'द', 'क' ही अक्षरे अकारान्त शिकवली जातात. ती त्याने एकापुढे एक उच्चारली तर 'बदक' हा बोलण्यातला शब्द तयार होत नाही. शेवटचा अकार गाळावा लागतो. 'चमचा', 'करवत' ह्यांत मधलाही गाळावा लागतो. कोठे गाळावयाचा हे लिपी सांगत नाही; ते मुलाला तो शब्द आधीच ठाऊक असेल तरच साधते. 'चार' आणि 'चाक' ह्यांतील च निराळे, 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे पाण्याचे भांडे ह्यांतील ज निराळे. पण चिन्ह एकच. म्हणजे मराठी वाचनात अक्षरांची जुळणी मुलाला शब्दाच्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडते, आणि आत शिरण्यासाठी त्याला बोलीतल्या शब्दाची ओळख लागते. अर्थ हा वाचनाचा शेवटचा टप्पा आहे, आधी अक्षरे पक्की होऊ द्यात, ह्या समजुतीला येथे मूळ भाषेचीच हरकत आहे.

ह्या मुद्द्याचे गांभीर्य आपल्या भागातील वर्गात विशेष जाणवते. ठाणे-कल्याण पट्ट्यातील मराठी शाळेच्या पहिलीच्या वर्गात आगरी घरातले मूल असते, कोकणातून आलेल्या कुटुंबातले असते, विदर्भ-मराठवाड्यातून बांधकामावर आलेल्यांचे असते आणि घरी हिंदी वा भोजपुरी बोलणारेही असते. आगरी बोलीत 'ण'च्या जागी 'न' आणि 'ळ'च्या जागी 'ल' सर्रास येतो. हिंदी घरातल्या मुलाच्या कानावर तर 'ळ' कधी पडलेलाच नसतो. 'पाणी' हा शब्द मुलाने 'पानी' असा वाचला, 'कमळ' हा 'कमल' असा वाचला, तर त्याने अक्षरांची जुळणी अचूक केली आणि ती स्वतःच्या बोलीत उच्चारली, असाच त्याचा अर्थ होतो. तरीही निरीक्षण-तक्त्यात ती 'वाचनदोष' म्हणून नोंदवली जाते. एका वर्गात मी स्वतः अशी नोंद करून बसलो होतो. तासानंतर शिक्षिकेने, 'सर, तो घरी असंच बोलतो,' असे सांगितले तेव्हा ती खोडावी लागली.

ह्या संदर्भात जो अभ्यास आपल्याकडील प्रत्येक एम्. एड्. विद्यार्थ्याने वाचलाच पाहिजे, तो दूरचा नाही. वाडा तालुका १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. तेथील मराठी आणि कर्नाटकातील यादगीर येथील कन्नड शाळांमध्ये पहिली ते तिसरीच्या मुलांच्या वाचन-लेखनाचा तीन वर्षे पाठपुरावा करून शैलजा मेनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेला अहवाल २०१७ मध्ये अझीम प्रेमजी विद्यापीठ आणि टाटा ट्रस्ट्स ह्यांनी प्रसिद्ध केला. वाडा तालुक्यातच सोनाळे येथे नीलेश निमकर ह्यांनी उभी केलेली 'क्वेस्ट' ही संस्था प्रारंभिक साक्षरतेचे काम दीर्घकाळ करीत आली आहे. अहवालात मेंदूचे एकही चित्र नाही. मुलांना अक्षरे, शब्द, परिच्छेद देऊन, त्यांचे लेखन पाहून, वर्गात बसून आणि शिक्षकांशी बोलून जे दिसले ते त्यात नोंदवले आहे. तिसरीच्या अखेरीसही अनेक मुलांना साधा मजकूर वाचता येत नव्हता. मूळाक्षरे, मग बाराखडी, मग जोडाक्षरे ह्या शिड्या चढण्यातच वर्गाचा बहुतेक वेळ जात होता. आणि मुलाने बोलावे, ऐकावे, स्वतःच्या मनातले लिहावे ह्यांना त्यात जागा नव्हती. वारली, कातकरी अशा बोली घरी बोलणाऱ्या मुलांना पाठ्यपुस्तकाच्या भाषेतील शब्दांची ओळख नसल्यास काय होते, हे वर सांगितलेल्या अकाराच्या उदाहरणावरून सहज ताडता येईल.

मुलाजवळ बसून ते काय करते हे टिपण्याची ही रीत ह्या जुन्या जिल्ह्याला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे व पुढे कोसबाड येथे जे बालशिक्षणाचे कार्य केले, गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या, त्याचा पाया निरीक्षणाचाच होता. त्यांचे सर्वच निष्कर्ष आज टिकतील असे नाही.

मग मेंदूविज्ञानाच्या नावाखाली आपल्याकडे जे प्रबंध लिहिले जातात, त्यांत काय असते? परीक्षक म्हणून वाचलेल्या प्रबंधांचा साचा बहुधा असा असतो. आरंभी चाळीस-पन्नास पृष्ठे चेतापेशी, अर्धगोल, चेतासंधी ह्यांचे वर्णन. नंतर एका शाळेतील दोन तुकड्या, एक 'प्रायोगिक' आणि एक 'नियंत्रित'. पहिलीला गाणी, चित्रे, खेळ, गटकार्य. दुसरीला 'पारंपरिक पद्धती'. शेवटी टी-मूल्य सार्थ, आणि निष्कर्ष असा की मेंदू-आधारित पद्धती परिणामकारक आहे. ह्या मांडणीत मेंदू कोठे आहे? पहिली चाळीस पृष्ठे फाडून टाकली तरी प्रयोगात काडीचाही फरक पडणार नाही. प्रायोगिक तुकडीला नवे साहित्य, उत्साही संशोधक आणि अनेकदा अधिक वेळही मिळालेला असतो. फरक कशामुळे पडला हे सांगण्याची सोयच राहत नाही. दुसरे असे की, दोन तुकड्यांना दोन शिक्षक असतील तर ती तुलना दोन शिक्षकांची होते. वर्गातील तीस मुले ही तीस स्वतंत्र निरीक्षणे आहेत असे समजून केलेले गणित मुळातच डळमळीत असते.

ह्या साच्याला मान्यता का मिळते, याचे एक कारण डीना वाइसबर्ग व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये शोधून काढले आहे. एखाद्या दुबळ्या स्पष्टीकरणात मेंदूविषयी असंबद्ध वाक्य घातले की सामान्य वाचकांना, इतकेच नव्हे तर मेंदूविज्ञानाच्या अभ्यासक्रमातील विद्यार्थ्यांनाही, ते अधिक समाधानकारक वाटते. तज्ज्ञांना मात्र वाटत नाही. आपण परीक्षक ह्यांपैकी कोणत्या वर्गात मोडतो, याचा विचार ज्याचा त्याने करावा. इंग्लंड व नेदरलँड्समधील शिक्षकांच्या २०१२ च्या पाहणीत मेंदूविषयक गैरसमजांच्या यादीतील सरासरी ४९ टक्के विधाने शिक्षकांनी खरी मानली होती. म्हणजे ही व्याधी केवळ आपली नाही. दृश्य, श्राव्य व कृतिप्रधान अशा 'अध्ययनशैलीं'प्रमाणे मुलांची वर्गवारी करून शिकवावे, हे मत तर २००८ मध्ये हॅरल्ड पॅशलर प्रभृतींनी उपलब्ध पुराव्याची छाननी करून निराधार ठरवल्यानंतरही आपल्या टाचण-वह्यांत ठाण मांडून आहे.

विभागाने काय करावे, याविषयी एक सूचना मांडतो. तिन्ही अक्षरक्रमांची तुलना ठाणे, डोंबिवली व कल्याण येथील शाळांत करता येण्याजोगी आहे. एका शाळेचे दोन वर्ग घेऊन हे साधणार नाही. निदान दहा-बारा शाळा हव्यात आणि कोणत्या शाळेत कोणता क्रम हे चिठ्ठी टाकून ठरले पाहिजे. हे एका विद्यार्थ्याच्या आवाक्यातले काम नव्हे. चार-पाच विद्यार्थ्यांनी एकाच आराखड्यावर काम करून आपापला भाग प्रबंध म्हणून सादर करावा, आणि तशी मुभा नियमांत नसेल तर ती मागावी. सर्वत्र दररोजचा वेळ समान असावा. मोजमाप शिकवलेल्या शब्दांवर न करता न शिकवलेल्या शब्दांवर करावे. त्यांत काही अर्थपूर्ण व काही अर्थहीन असावेत, म्हणजे मूल कोठे अडते, जुळणीत की शब्दाच्या ओळखीत, हे कळेल. 'पानी' आणि 'कमल' हे उच्चार बरोबर धरावेत. चाचणी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी एकदा आणि सुट्टी संपल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा घ्यावी. विस्मरणाचा स्वतःवर केलेला अभ्यास एबिंगहाउसने १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्याला त्यासाठी शाळेने सुट्टीची सोय आधीच करून ठेवली आहे. गिरवण्याचा प्रश्न ह्याच प्रयोगात दुय्यम म्हणून घालता येईल : निम्म्या शाळांत छापील ठिपक्यांची पुस्तिका, निम्म्या शाळांत शिक्षकांच्या व मुलांच्या हस्ताक्षरांतील अक्षरे.

शाळा जूनच्या मध्यास उघडतात आणि पहिलीतले पहिले अक्षर पहिल्या पंधरवड्यातच फळ्यावर येते. तेव्हा शब्दांच्या याद्या, त्यांचे उच्चारनिहाय गुणांकन आणि शिक्षकांशी करावयाची बोलणी ही सर्व एप्रिलअखेर पुरी झाली पाहिजेत. मे महिन्यात शिक्षक गावी जातात. त्या महिन्यात कोणी भेटत नाही.